मदत हवी आहे: नदीचं रक्त होतं तो पिक्चर कोणता?

पानगळ:
चार दिवस शोधतेय, डोकं फुटायची वेळ आलीय. पिक्चरमध्ये नदीचं पाणी रक्त होतं, बायबलमधलं एकेक खरं व्हायला लागतं आणि एक बाई त्यात अडकते. नाव सांगा प्लीज, उद्या रात्री बघायचाच आहे.

निशाचर:
'द रीपिंग', २००७. हिलरी स्वँक. लुइझियानातलं गाव, लाल झालेली नदी, मग बेडूक, मरणारी गुरं, टोळधाड. बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या दहा पीडा. डोळे झाकून हाच.

पानगळ:
नाही हो, टोळ नव्हते. आणि बाई पहिल्यापासून गरोदर होती.

निशाचर:
हे आधी कुठे लिहिलंत? रीपिंगमध्येही शेवटी ती गरोदर असल्याचं कळतं. एकदा बघून तर घ्या.

जुना_प्रोजेक्टर:
शेवट कशाला फोडलात? पानगळ, कधी बघितलात, कुठल्या भाषेत, एवढं तरी सांगा. माझं मत 'द ओमेन', १९७६. या प्रकारात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. जेरी गोल्डस्मिथना एकुलतं एक ऑस्कर याच संगीताला मिळालं. तो लॅटिन कोरस सुरू झाला की आजही अंगावर काटा येतो.

रेवाकाठ:
ओमेनमध्ये नदीचं रक्त कुठे होतं? त्यातली ती भविष्याची कवितासुद्धा प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली म्हणून ऐकवतात, पण बायबलमध्ये ती नाहीच.

जुना_प्रोजेक्टर:
पशूचा आकडा ६६६ तर आहे ना? प्रकटीकरणाचा अध्याय १३ काढून बघा.

शांत_झोप:
भीती वाटत असेल तर दिवा चालू ठेवा आणि आवाज बारीक करा. मला खूप फरक पडला.

पानगळ:
भीतीचं नाही विचारलं, नाव विचारलंय! इंग्लिश, रंगीत, नव्वदच्या दशकात टीव्हीवर लागला होता. एक माणूस समुद्राकाठी उभा असतो, हातात जुनं पाकीट, त्यावर लाखेचं सील. तो ते फोडतो आणि मग पाण्यात जिकडे तिकडे मेलेले मासे. हाच माणूस पुढे तिच्याकडे भाड्याने राहायला येतो.

रेवाकाठ:
अहो, हे पहिल्यांदाच सांगायचंत! 'द सेव्हन्थ साइन', १९८८, दिग्दर्शक कार्ल शुल्त्झ. गरोदर बाई डेमी मूर, भाडेकरू युर्गेन प्रोख्नोव. ती पाकिटं म्हणजे प्रकटीकरणातले सात शिक्के, जे कोकरा, म्हणजे येशू, एकेक करून फोडतो. सहाव्याला भूकंप होतो, सूर्य काळा पडतो, चंद्र रक्तासारखा होतो. आणि सातव्याला स्वर्गात सुमारे अर्धा तास नुसती शांतता. मला त्या सगळ्या पुस्तकात ही शांतताच सर्वात भयंकर वाटते.

निशाचर:
पण शिक्क्यांमध्ये नदीचं रक्त होतच नाही. ते निर्गम ७, मोशेची काठी.

रेवाकाठ:
प्रकटीकरण १६ वाचा. तिथे देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या आहेत. दुसरी वाटी ओतल्यावर समुद्रातले जीव मरतात, तिसरीनंतर नद्यांचं रक्त होतं. सिनेमाने शिक्के आणि वाट्या एकत्र केल्यात.

जुना_प्रोजेक्टर:
आणि 'गुफ' तर बायबलमधला नाहीच. जन्माला यायचे आत्मे जिथे साठवलेले असतात ती जागा. सिनेमात ती रिकामी व्हायला आलेली असते, म्हणून त्या बाईला धास्ती, की आपलं बाळ आत्म्याशिवाय जन्माला येईल. ही कल्पना ज्यूंच्या तालमुद या धर्मग्रंथातली. तिथे म्हटलंय की गुफातले सगळे आत्मे संपल्याशिवाय दावीदाचा पुत्र, म्हणजे मसीहा, येणार नाही.

पानगळ:
हाच! आत्मे संपायचं ऐकून मी आईला घट्ट धरून बसले होते, तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. रेवाकाठ, तुमचे किती आभार मानू!

निशाचर:
हा झाला की रीपिंग बघाच. नदी त्यातलीच जास्त चांगली आहे.

रेवाकाठ:
यातला शेवट मात्र बघण्यासारखा आहे, तिला जेव्हा

पानगळ:
थांबा, शेवट नका सांगू! तेव्हा ऐन शेवटाला मला झोपायला पाठवलं होतं. फक्त एवढंच सांगा, बाळ... नको, राहू दे. उद्या बघते.