'सेक्युलर साँग' आणि 'हिम' : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
लग्न आणि अंत्यविधीच्या उपासनेत कोणती गाणी म्हणावीत, याच्या सूचना आमच्या चर्चच्या मंडळीसाठी मराठीत करतेय. मुळात 'सेक्युलर साँग्ज' आणि 'ट्रॅडिशनल हिम्स' (हिम म्हणजे देवाच्या स्तुतीचं गीत) असे दोन गट आहेत. मी 'धर्मनिरपेक्ष गीते' आणि 'पारंपरिक स्तोत्रे' लिहिलं, पण कानाला खटकतंय.

प्रतिसाद १
'धर्मनिरपेक्ष' काढाच. तो शब्द राज्याचा, कायद्याचा. प्रेमगीत धर्माबाबत तटस्थ नसतं, त्याचा विषयच दुसरा असतो. 'लौकिक गीते' लिहा. सेक्युलरच्या मुळाशी लॅटिन 'सेक्युलुम' आहे : युग, चालू काळ, आणि चर्चच्या वापरात 'हे जग'. लोक-लौकिक ही जोडी त्याला छान बसते. 'ऐहिक'ही अर्थाने चालेल, पण त्यात कमी लेखल्याचा सूर येतो. आईचं आवडतं गाणं मागणाऱ्या मुलीला तो लागेल.

'स्तोत्र' जरा जपून. बायबलमधल्या 'स्तोत्रसंहिता' या पुस्तकामुळे तो शब्द आपल्याकडे 'साम'साठी, म्हणजे त्या पुस्तकातल्या रचनांसाठी, ठरून गेलाय. मराठी बायबलमधलं इफिस ५:१९ काढून बघा : 'स्तोत्रे, गीते व आध्यात्मिक प्रबंध'. ग्रीकमध्ये तिथे अनुक्रमे प्साल्मोस, हुम्नोस, ओडे आहेत. म्हणजे हिमच्या जागी साधं 'गीत' आलंय! आणि 'प्रबंध' हा विद्यापीठातला नव्हे, ध्रुपदाच्याही आधीचा गायनप्रकार. मला ही निवड फार आवडते. 'ओडे' म्हणजे कुठलंही गाणं, त्यामुळे 'आध्यात्मिक' हे विशेषण तिथे नुसतं शोभेला नाही. हिमसाठी मी 'उपासनागीत' लिहीन.

प्रतिसाद २
लौकिक ठीक, पण शब्दांना म्हणताय की चालीला? येशूच्या काटेरी मुकुटावरचं पाउल गेरहार्टचं जर्मन गीत गुड फ्रायडेला जगभर म्हणतात. त्याची चाल हान्स लिओ हास्लरच्या १६०१ मध्ये छापलेल्या प्रेमगीताची. जर्मन संगीतकार बाखने तीच चाल मत्तयकृत दुःखसहनाच्या संगीतात ('सेंट मॅथ्यू पॅशन') पुन्हा पुन्हा आणली. आज तिला लौकिक कोण म्हणेल? म्हणून 'लौकिक आशयाची गीते' लिहा. 'पारंपरिक'ही गाळा. कालचं नवं गीतही उपासनेचंच असू शकतं.

प्रश्नकर्ती
'आशय' हाच शब्द हवा होता. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने हिमला तीन गोष्टी लागतात म्हटलंय : स्तुती हवी, ती देवाची हवी आणि ती गायलेली हवी. म्हणून तालमीत मी गाण्यातला 'तू' कोण ते विचारते. मागे एका अंत्यविधीला घरच्यांनी वडिलांचं आवडतं गाणं सुचवलं होतं. त्यातला 'तू' म्हणजे दूर गेलेली प्रेयसी. सगळ्या मंडळीने उभं राहून ते देवासमोर म्हणायचं कसं? 'नाही' म्हणताना माझाच आवाज कापत होता. शेवटी दफनानंतर, घरी जमल्यावर मुलांनी ते म्हटलं. तिथे ते अगदी जागेवर होतं.

तर आता ओळ अशी : 'उपासनेत उपासनागीतेच घ्यावीत; लौकिक आशयाची आवडती गीते उपासनेच्या आधी किंवा नंतर म्हणावीत.'

प्रतिसाद १
'घ्यावीत'ऐवजी 'गावीत' करा. बाकी उत्तम.