वर्णद्वेष फक्त परदेशात? मग आमच्या पोरांचं काय?

सातपुड्याचा
काल इथे एकाने लिहिलं, ‘२००९ला मेलबर्नमध्ये आपल्या पोरांना मारलं, तो वर्णद्वेष. आपल्या शाळेत सगळे एकत्र डबा खातात.’ डोकंच फिरलं. मी पावरा आदिवासी, नंदुरबारच्या धडगावकडचा. अकरावीला धुळ्यात होतो. स्कॉलरशिपचे फॉर्म आले की सर भर वर्गात म्हणायचे, ‘एसटीवाले उभे राहा.’ जातीच्या दाखल्याची झेरॉक्स धरून उभं राहायचं, मागच्या बाकावरून ‘ए जंगली’. माझा रूममेट दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही. गणितात वर्गात पहिला होता.

केळीपट्टा
भाऊ, चिडवाचिडवी कोणाची होत नाही? पुण्यात माझ्या अहिराणीला हसायचे. रडत नाही बसलो. शिवाय तुम्हाला फी माफ, होस्टेल, खात्यात पैसे.

होस्टेलवाली
खात्यात पैसे? २०१८ला आदिवासी होस्टेलची मेस बंद करून डीबीटी आणलं, म्हणजे जेवणाचे पैसे थेट खात्यात, तेव्हा पोरं पुण्याहून नाशिकला पायी का निघाली, विचारा कोणाला. हप्ता लांबला की डबेवाली उधार देत नाही. परीक्षेच्या आठवड्यात आम्ही पोहे खाऊन काढले.

केळीपट्टा
मेसमध्ये ठेकेदार खात होता, तेव्हाही तुम्हीच ओरडत होता ना?

होस्टेलवाली
हो, ओरडत होतो! चांगलं जेवण मागत होतो, मेसला कुलूप नाही.

सातपुड्याचा
मेसवर वेगळं भांडा. केळीपट्टा, तुम्ही पुण्यात बोली बदललीत, सुटलात. मी चेहरा कुठे बदलू? अरुणाचलच्या निडो तानियाला २०१४ला दिल्लीत दिसण्यावरून हिणवलं, मारलं, पोरगा गेला. त्यानंतर सरकारनेच नेमलेल्या बेझबरुआ समितीने सांगितलं, ईशान्येचा इतिहास सगळ्यांना शिकवा. इथे १८५७ला इंग्रजांशी लढलेला भिल्ल खाज्या नाईक वर्गातल्या किती जणांना माहीत होता? भिल्ल म्हटलं की चोर, एवढंच घरून शिकून आलेले. आणि तुमच्याच जळगावची डॉ. पायल तडवी, आदिवासीच, २०१९ला मुंबईत आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप घरच्यांनी केला. ती तर डॉक्टर झाली होती.

साक्रीच्या बाई
मी पहिलीला शिकवते. पोर घरी पावरी बोलतं, पुस्तक मराठी. गप्प बसलं की ‘मठ्ठ’ शिक्का, तोही आम्हीच मारतो. आधी बीएड-डीएडवाल्यांना शिकवा, मग पोरांना.

केळीपट्टा
सगळं खापर मास्तरांवर नको. झेरॉक्सचं मात्र मान्य, ती ऑफिसात घेता येते. बाकी मला पटलेलं नाही.

सातपुड्याचा
नका पटवून घेऊ. तुम्ही शिक्षणसंस्थेवर आहात ना? जूनच्या आत तेवढी नोटीस काढा.