रोझा पार्क्स आणि टॉम रॉबिन्सन: लेकीच्या निबंधासाठी मदत हवी

एडिसनची_आई
लेक नववीत आहे. वर्गात हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' वाचून झाली. आता नागरी हक्क चळवळीतल्या एका नेत्याचं आयुष्य कादंबरीतल्या अन्यायाशी जोडून निबंध लिहायचाय. तिने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली सीट सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स निवडल्यात, पण घोडं त्या सीटवरच अडलंय. कादंबरीत टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसावर गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराच्या खोट्या आळाचा खटला आहे, बसचा पत्ता नाही. जोडायचं कसं?

खमंग_थालीपीठ
सरळ मार्टिन ल्यूथर किंग घे म्हणावं. भाषणं रग्गड आहेत, एका रात्रीत उरकेल.

मिरजेचे_मास्तर
ताई, नाव अजिबात बदलू नका. इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली, आणि रोझाबाईंना 'दमून बसून राहिलेली शिंपीण' करून टाकणारे निबंध वाचून मी विटलोय.

बसची ती संध्याकाळ १ डिसेंबर १९५५ ची. पण १९४३ मध्येच त्या अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरी शहरात, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीच्या शाखेच्या सचिव झाल्या होत्या. अत्याचारांची माहिती काढायची, लोकांच्या जबान्या लिहून घ्यायच्या, हे त्यांचं काम. टॉम रॉबिन्सन सापडतो तो या कामात.

त्याच्याही आधी, १९३१ मध्ये, अलाबामातच स्कॉट्सबरोला नऊ काळ्या पोरांवर दोन गोऱ्या बायकांवर बलात्कार केल्याचा आळ आला. आठ जणांना देहदंड सुनावला गेला. १९३३ मध्ये त्या दोघींपैकी एकीने भर कोर्टात सांगितलं की असं काही घडलंच नाही, तरी गोऱ्या ज्युरीने आरोपीला दोषीच ठरवलं. रोझाबाईंचे यजमान रेमंड, पेशाने न्हावी, या पोरांच्या बचावासाठी जिवावर उदार होऊन पैसे जमवत होते. आता लेकीला बारावं प्रकरण उघडायला सांगा. कृष्णवर्णीयांच्या चर्चचे पाद्री रेव्हरंड साइक्स टॉमच्या बायकोसाठी दहा डॉलर भरेपर्यंत चर्चची दारं बंद करून घेतात, कुणाला बाहेर सोडत नाहीत. निबंध तिथून सुरू करावा.

दुसरा धागा रेसी टेलर. १९४४, ॲबव्हिल गाव, पुन्हा अलाबामाच. चर्चमधून घरी निघालेल्या या कृष्णवर्णीय बाईला गोऱ्या तरुणांनी पळवून नेऊन अत्याचार केला. चौकशीला गेल्या रोझाबाई. एकाने कबुली देऊनही ग्रँड ज्युरीने दोनदा आरोप ठेवायला नकार दिला. कादंबरीत मायेला युएल या गोऱ्या मुलीच्या शब्दावर टॉम दोषी ठरतो, तेही त्याचा डावा हात इतका निकामी असताना की शपथ घेताना तो बायबलवरून घसरतो. रेसीच्या शब्दावर मात्र खटलाही उभा राहिला नाही. विषय नाजूक आहे खरा, पण कादंबरीतही तोच आहे, शाळेला चालायला हरकत नाही.

आणि थोडं भांडूही दे तिला कादंबरीशी. खटला हरून टॉमचा गोरा वकील ॲटिकस बाहेर पडतो तेव्हा गॅलरीतले सगळे कृष्णवर्णीय उठून उभे राहतात. प्रसंग सुंदर, पण मला तो पुरता पटत नाही. रोझाबाईंच्या अलाबामात ही माणसं कुणा भल्या वकिलाची वाट बघत बसली नव्हती.

कोल्हापुरी_चप्पल
मास्तर, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. ते घालता येईल का?

मिरजेचे_मास्तर
पत्र खरं आहे, पण तो वेगळ्या निबंधाचा ऐवज. इथे नुसता उल्लेख करून सोडला तर ठिगळ वाटेल.

एडिसनची_आई
मास्तर, खूप आभार. लेक बारावं प्रकरण घेऊन बसलीये. पण शब्दमर्यादा ५०० आहे. स्कॉट्सबरो की रेसी टेलर, एकच घ्यायचं तर?

मिरजेचे_मास्तर
रेसी टेलर. स्कॉट्सबरो निम्मा वर्ग लिहील. शिवाय तिथे रेमंड पुढे आहेत, आणि निबंध रोझाबाईंवर आहे.