सोनचाफ्याचं कलम: नवी पानं पिवळी, फुलं नाहीत. बेळगावच्या काळ्या जमिनीत काय करावं?

येळ्ळूररोड
नमस्कार मंडळी. अंगणातल्या सोनचाफ्यासाठी सल्ला हवाय. थोडं लांबेल, पण अर्ध्या माहितीवर कुणी औषध सांगायला नको म्हणून सगळंच लिहिते.

घर बेळगावात, येळ्ळूर रस्त्याकडच्या नव्या वसाहतीत. इथं आधी भाताची शेतं होती. चिकट काळी माती, आणि पावसात बळ्ळारी नाला फुगला की शिवारात पाणी कसं उभं राहतं ते बेळगावकरांना सांगायला नको. प्लॉट उंच करताना ठेकेदारानं कुठल्यातरी पाडलेल्या घराचा राडारोडा ओतला, त्यावर मुरूम, त्यावर वीतभर लाल माती. चाफा लावलाय तो कंपाउंडच्या आत, घराच्या भिंतीपासून दहा-बारा फुटांवर. दोन फुटी खड्डा घेऊन त्यात जांबोटीकडची तांबडी माती, शेणखत आणि निंबोळी पेंड भरली होती.

रोप कलमी आहे, 'वेलणकर' म्हणून घेतलेलं. आणलं तेव्हा गुडघ्याएवढं होतं आणि त्यावर दोन कळ्याही होत्या. त्या फुलल्या, त्यानंतर आजतागायत एक फूल नाही. उंची मात्र माझ्या डोक्यावर गेली.

मुख्य तक्रार पानांची. कोवळं पान येतं तेच फिकट पिवळं. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग रंग उडाल्यासारखा. खालची जुनी पानं चांगली गर्द आहेत, पण उन्हाळ्यात त्यांच्या कडा करपतात. उन्हाळ्यात बोअरचं पाणी घालतो, भांड्यात पांढरा थर बसतो इतकं जड. 19:19:19 (नत्र-स्फुरद-पालाश समान असलेलं विद्राव्य खत) फवारून झालं, शेणाची स्लरी झाली, एप्सम सॉल्ट झालं. काही फरक नाही.

नर्सरीवाला म्हणतो खत कमी पडतंय. शेजारच्या कन्नड आजी म्हणतात, संपिगे (म्हणजे सोनचाफा) दहा वर्षं झाल्याबिगर फुलत नाही, उगी घाई करू नको. आमचे दीर म्हणतात, काढून टाका, मुळ्या भिंत फोडतील आणि वासानं साप येईल. सापाचं राहू द्या, तो आमच्याकडे भाताच्या खाचरातून तसाही येतो. पण बाकीच्या दोघांत खरं कुणाचं? आणि भिंतीची भीती खरी आहे का? सासूबाईंना गौरीला घरचा चाफा वाहायचाय. दरवर्षी गणपत गल्लीतून पानात गुंडाळलेली चार फुलं आणायची आणि घरी येईपर्यंत ती मलूल, हे त्यांना पटत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)
ताई, खत घालायचं पहिलं बंद करा बघू. आमच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात सोनचाफ्याला खत घालतंय कोण? परड्यात आपला उभा असतोय. जमीनच तशी आहे, तांबडी, जांभ्याची, जराशी आंबट, आणि कितीबी पाऊस पडू दे, पाणी थांबत न्हाई. चाफ्याला पाऊस लई आवडतोय पण पायात पाणी चालत न्हाई.

तुमचा खड्डा बघा आता. भोवती चिकट काळी माती आणि आत भुसभुशीत तांबडी. म्हणजे तुम्ही हौद बांधून त्यात झाड लावलंय. चौफेरचं पाणी त्यात येऊन बसणार. पाऊस उघडला की झाडापासून दोन हात लांब, मूळ न दुखवता, पहारीनं फूटभर खड्डा घ्या. पाणी भरा, एकदा जिरू दे, परत भरा. तासाला निदान बोटभर तरी उतरायला पाहिजे. दुसऱ्या दिवशीबी तसंच दिसलं तर दुखणं खाली आहे, वर कायबी फवारून उपयोग न्हाई.

निपाणीकर मास्तर
खानापूरकरांचं पाण्याबद्दल बरोबर आहे, पण पानाचं जे वर्णन ताईंनी केलंय ते नुसत्या पाण्याचं नाही. आधी कुठलं पान पिवळं होतंय ते बघायचं. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्र किंवा मॅग्नेशियम कमी, कारण झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला पुरवतं. लोह तसं हलवता येत नाही. म्हणून लोह कमी पडलं की जुनं पान गर्द आणि नवं पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. तुमचं हेच आहे. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम, त्यानं फरक पडायचं कारणच नव्हतं.

आता मातीत लोह नाही का? भरपूर आहे, तांबडा रंग त्याचाच. पण चुना असला की ते मुळांना उचलता येत नाही. आमच्या निपाणीकडे काळ्या रानात खाली चुनखडी लागते, तिथं चाफा, अननस, अबोली सगळ्यांची हीच कथा. तुमच्याकडे चुना दोन वाटांनी येतोय: राडारोड्यातलं सिमेंट आणि जुन्या भिंतींचा चुना, आणि वरून बोअरचं जड पाणी. कडा करपतात त्याही बहुधा त्या पाण्यातल्या क्षारांनीच.

खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. फूटभर खालची माती वाटीत घ्या, वर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुना आहे. नीट सामूचा (पीएच, म्हणजे माती किती आंबट की खारी) आकडा हवा असेल तर मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजात विचारा.

उपाय दोन टप्प्यांत. पानांवर हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं मीठ): लिटरला 3 ते 4 ग्रॅम, त्यात थोडं लिंबू पिळून, ऊन उतरल्यावर, आणि आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस वाट बघून. याने फवारलेलं पान हिरवं होतं, पुढचं नाही. जमिनीतून द्यायचं तर चुनखड जमिनीत नुसतं हिराकस टाकून पैसे वाया जातात. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (चुन्यातही मुळांना उचलता येईल असं बांधलेलं) मिळतं, तेच मागा. दुकानदार ईडीटीए पुढे करेल, ते स्वस्त असतं पण चुन्याच्या मातीत टिकत नाही. आणि बोअर बंद. नळाला येणारं राकसकोप-हिडकलचं पाणी जमेल तेवढं वापरा, गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवलंत तर फारच छान.

पानझड
एवढं काय करायचं? झाडाला फुलं नाहीत म्हणजे ते माजलंय. बुंध्याभोवती मुळं तोडा, महिनाभर पाणी बंद, बघा कशी फुलं येतात. आमच्या मोसंबीला असंच करतो.

निपाणीकर मास्तर
पानझड, मोसंबीला ताण देतात, मान्य. सोनचाफा त्या जातीचा नाही. त्याची मुळं मांसल, तोडली की लवकर सावरत नाहीत. म्हणूनच मोठं झाड उचलून दुसरीकडे लावायलाही कुणी धजत नाही. आधीच लोह मिळत नाहीये, त्यात मुळं तोडायची? नको.

चंदगडी
सगळे पानाकडे बघतायत. मी बुंध्याकडे बघेन.

ताई, 'वेलणकर' गुडघ्याएवढा असताना कळ्या धरून होता आणि नंतर डोक्यावर गेला तरी फूल नाही, हे जुळत नाही. ही जात पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून फुलते आणि जवळपास वर्षभर थोडी थोडी फुलत राहते. पिवळी पानं असली तरी एखाद-दुसरं फूल देतेच. मला शंका आहे ती अशी: बुंध्याशी, जमिनीपासून वीतभरावर, सांधा शोधा. गाठ किंवा किंचित वाकडेपणा दिसेल, कधी प्लास्टिकच्या पट्टीचा व्रण असतो. जी फांदी उंच गेली आहे ती सांध्याच्या वरून निघाली आहे की खालून? खालून निघालेली फूट सरळसोट वर जाते, पेरं लांब असतात, पानं मोठी. कलमाची फांदी आडवी पसरते, पेरं आखूड.

खालून असेल तर ते कलम नव्हे, खुंट आहे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते खालचं रोप. खुंट बियांपासूनचा असतो. मग शेजारच्या आजींचं म्हणणं अगदी बरोबर: बियांचा सोनचाफा सात-आठ, कधी दहा वर्षंही घेतो.

रानपाखरू
थोडं विषयांतर. पानांना भोकं दिसतायत का? हिरव्या रंगाच्या, पुढून फुगीर अळ्या असतील तर मारू नका, ती हिरव्या ठिपक्यांची शेपटीवाली फुलपाखरं होणार आहेत. सोनचाफा त्यांचं खाद्यझाड आहे. बाळरोप असेल तर हातानं वेचून दुसऱ्या चाफ्यावर सोडा. आणि पुढे फळं धरली तर बुलबुल येतील, त्यातल्या लाल बियांवर त्यांचा फार जीव.

येळ्ळूररोड
अळ्या आहेत, राहू देते.

बाकी तपासलं. खड्ड्यात दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही होतं, फार तर दोन बोटं उतरलं असेल. वरच्या लाल मातीवर व्हिनेगर घातलं, काही नाही. खालची करडी माती काढून घातलं तर चांगली फसफसली, सासूबाई बघायला बाहेर आल्या.

आणि चंदगडींनी सांगितलेला सांधा सापडला. त्याच्या वर एक बारकी फांदी आहे, कोपराएवढी, पाच-सहा पानं, तीही पिवळी. जी दोन खोडं माझ्या डोक्यावर गेली ती दोन्ही सांध्याच्या खालून आहेत. माळी येतो तो दरवेळी बारकी 'वाळकी' म्हणून तीच छाटत होता म्हणे!

आता खालची दोन्ही खोडं उडवू का? का नवीन रोप आणू?

चंदगडी
माळ्याला आधी कात्री खाली ठेवायला सांगा. खालची दोन्ही काढा, बुडापासून, ठुसका न ठेवता, जखमेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप). ती राहिली तर सगळा रस तिकडेच जाणार आणि कलमाची फांदी उपाशी मरणार.

निपाणीकर मास्तर
इथं माझं मत वेगळं. निरोगी झाड असतं तर मीही दोन्ही काढा म्हटलं असतं. या झाडाची जवळपास सगळी पानं त्या दोन खोडांवर आहेत. एकदम काढलीत तर पाणी साचलेल्या मातीत मुळांना पोसायला उरली पाच पिवळी पानं. एक आत्ता काढा, दुसऱ्याचा शेंडा खुडून त्याला अडवून ठेवा, आणि कलमाची फांदी हिरवी होऊन पुढे सरकली की तेही काढा.

चंदगडी
अडवून ठेवलेला खुंट पावसात परत उसळतो, मास्तर. दर आठवड्याला खुडणार कोण? पण ठीक, ताईंच्या घरी रोज बघणारं कुणी असेल तर तुमच्या पद्धतीनं जाऊ द्या. फांदी नाहीच तगली तर राखलेल्या खोडावर कोवळी फूट असताना 'वेलणकर'ची नवी काडी बांधता येते, त्याला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. जाणत्या माणसाकडून करून घ्या.

मलप्रभाकाठ (खानापूर)
ते काय बांधायचं ते बांधा, पण पाण्याची वाट आधी करा. झाडापासून तीनेक फुटांवर, उताराच्या अंगाला चर काढा, खड्ड्याच्या तळाच्या खाली जाईल एवढी खोल, आत दगडगोटे भरा आणि गटाराकडं सोडा. बुंध्यावर मात्र माती चढवू नका, सांधा पुरला तर तिथं कुजतंय.

आणि दुसरं एक कलम घेऊनच या. ते खड्ड्यात लावूच नका. जमिनीवर फूट-दीड फूट उंच, चांगला पाच फूट रुंद ढीग करा तांबड्या मातीचा, पालापाचोळा मिसळून, आणि त्यात लावा. आमच्याकडं भाताच्या बांधावर लावतात ते त्याचसाठी. सरकारी नर्सरीत कन्नड माणूस असला तर 'कसि संपिगे' (कलमी सोनचाफा) मागा, न्हाईतर बियांचं रोप हातात देतील, ते स्वस्त असतंय. कळी बघून घेऊ नका, सांधा बघून घ्या.

येळ्ळूररोड
चर काढायला माणूस ठरवलाय. एक खोड काढतेय, दुसऱ्याचा शेंडा खुडायचं काम सासूबाईंनी मागून घेतलंय. दुसरं कलम ढिगावर. भिंतीचं मात्र कुणी बोललं नाही. आणि ढिगाला जागा कमी पडली तर ड्रममध्ये चालेल का?

चंदगडी
भिंतीचं: सोनचाफा उंबर-पिंपळासारखा भिंतीत शिरणारा नाही. रानातलं झाड शंभर फुटांपर्यंत जातं हे खरं, पण कलम दरवर्षी फुलांचा भर ओसरल्यावर छाटून दहा-बारा फुटांत ठेवता येतं, फुलं हाताला येतात ते वेगळंच. दहा फूट अंतर पुरे. दिरांना सांगा, भिंतीला जास्त धोका त्या साचणाऱ्या पाण्याचा आहे, चर काढलीत की तोही गेला.

ड्रममध्ये चालतं. अर्धा कापलेला दोनशे लिटरचा घ्या, त्याहून लहान नको. तळाला आणि तळालगत बाजूनंही भोकं, दोन विटांवर ठेवा म्हणजे भोकं बुजत नाहीत. तांबडी माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, थोडी नारळाची शेंडी. काळी माती चिमूटभरही नको. विटा वापरताना राडारोड्यातल्या उचलू नका, सिमेंट चिकटलेलं असतं.