'नळ चावतो!' : जुन्या घरातलं अर्थिंग, बाथरूम आणि तुमचे अनुभव

पाटावरची नात
परवा भाची लग्नासाठी नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरी उतरली होती. सकाळी बाथरूममधून ओरडली, "मावशी, नळ चावतोय गं!" आणि मला एकदम आजी आठवली. ती कायम लाकडी पाटावर बसून अंघोळ करायची, नळ सोडायचा तरी आधी पाय पाटावर घ्यायची. आम्हाला वाटायचं सोवळ्याचं काहीतरी असेल. ती म्हणायची, "मेला नळ चावतो." आम्ही पोरं मुद्दाम ओल्या पायांनी नळाला बोट लावायचो, कुणाला जास्त मुंग्या येतात ते बघायला. आता लिहितानाही पोटात गोळा येतोय.

वायरमनला बोलावलं. त्याच्याकडे होल्डरला दोन वायरी लावलेला १०० वॅटचा पिवळा बल्ब. फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) यांना लावला, लख्ख. फेज-अर्थला लावला, ढिम्म. अर्थिंगची, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी हिरवी वायर धुंडाळत गेलो तर ती न्हाणीमागे जुन्या लोखंडी पाइपला क्लॅम्पने आवळलेली. त्या पाइपचा वीतभर तुकडा भिंतीत उरलाय, बाकी नळकाम आम्ही सहा वर्षांपूर्वी प्लास्टिकचं करून घेतलं. म्हणजे सहा वर्षं अर्थिंग हवेत! त्यात गीझरचं कॉइल पिचलेलं, म्हणजे करंट पाण्यात.

तुळशीपलीकडे अर्थिंगसाठी नवा खड्डा घेतला. कोळसा, मीठ, मध्ये पाइप. चार फुटांवर काळा दगड लागला, मग दुसरीकडे खणा. तुमच्याकडे असं काही झालंय का? लिहा.

कारंजावाला
आमचा फ्रिज चावायचा. आई हाताला पदर गुंडाळून दार उघडायची. वडिलांनी उपाय काय केला, तर फ्रिजसमोर गोणपाट टाकलं. वीस वर्षं तोच उपाय 😄

तारतम्य
पाटावरची नात, आजीचं कोडं सोपं आहे. वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांचं अर्थिंग त्याच नळाच्या पाइपला असायचं. एखाद्याच्या मोटरमधून करंट गळायला लागला आणि पाइप जमिनीत कुठे गंजून तुटलेला असला, की सगळ्यांचे नळ चावणार. आजी पाटावर बसायची ते शंभर टक्के शास्त्रीय. फक्त पाट कोरडा हवा.

सिडकोची सून
आमच्याकडे एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) आहे, मग काळजी नाही ना?

तारतम्य
आहे. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. २ किलोवॅटचा गीझर नऊएक अँपिअर ओढतो, त्याची एमसीबी १६ची असते. तुमच्या अंगातून ५० मिलिअँपिअर गेले तर तिला पत्ताही लागत नाही, आणि तेवढ्यात माणूस जाऊ शकतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा, म्हणजे थोडा करंट गळला तरी वीज तोडणारा स्विच. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. पडली, म्हणजे वीज बंद झाली पाहिजे.

सिडकोची सून
ती आहे बहुतेक. पावसाळ्यात सारखी पडायची म्हणून मागच्या वर्षी एकाने तिला वगळून वायर डायरेक्ट जोडून दिली 🙈

तारतम्य
🤦 पडत होती म्हणजे काम करत होती हो! गच्चीवरचा दिवा, नाहीतर मोटर ओली होत असणार. ते शोधा आधी.

काकू_कामात
कुकर लावलाय, पटकन लिहिते. शॉकचं नाही पण बाथरूमचं. सासूबाई शहाबादी फरशीवर साबणाच्या पाण्यात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. आतून कडी, त्या आत कण्हतायत आणि आम्ही दार तोडतोय. दार आत उघडणारं, त्यामुळे ढकललं की त्यांनाच लागायचं. आता कमोडशेजारी स्टीलचा दांडा, फरशी खडबडीत, दार बाहेर उघडणारं. त्या दांड्यावर सासरे टॉवेल वाळत घालतात हा भाग वेगळा.

कारंजावाला
काकू, आता कशा आहेत?

काकू_कामात
वॉकर घेऊन चालतात. मटार सोलून देतात आणि निम्मे खातात.

थंडीकुडकुड
इंदिरानगरला भाड्याने राहायचो. थंडी म्हणजे नाशिकची, गॅस गीझर बाथरूमच्या आत आणि वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा. रूममेट अंघोळीला गेला, बराच वेळ बाहेर येईना. दार उघडलं तर भिंतीला टेकून बसलेला, डोकं गरगरतंय म्हणाला. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. घरमालकांचं म्हणणं, "आधीच्या पोरांना नाही झालं काही." आम्ही पुठ्ठा काढला, पुढच्या महिन्यात घरच सोडलं. गॅस गीझर लावायचाच तर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत.

गोदाकाठ
२०१९च्या ऑगस्टमध्ये दुतोंड्या मारुती (गोदावरीतली मूर्ती, तिच्यावरून पुराचा अंदाज घेतात) बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचे बोर्ड पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर काका उत्साहाने मेन स्विच चालू करायला निघाले, काकूने हात धरून मागे ओढलं. पूर्ण वाळवून, तपासून चालू केलं. तेव्हापासून बोर्ड छातीच्या वर. नातवंडांचा हात पोचत नाही हा बोनस.

नवखा
फ्लॅट जुना आहे, अर्थ नाहीच. एका वायरमनने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिलंय, टेस्टिंगला बल्ब लागतो. चालेल ना?

तारतम्य
अजिबात नाही! आजच काढा. बल्ब लागणारच, तो न्यूट्रलमुळे लागतोय. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला की गीझरची, वॉशिंग मशीनची बॉडी थेट फेजवर. हे अर्थिंग नसण्यापेक्षा वाईट.

नवखा
बापरे. मेन बंद करून आलो. कुणी चांगला माणूस सुचवा, नाशिकरोडकडचा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

काकू_कामात
आमच्याकडे नियम एकच, गीझर बंद करून मगच अंघोळीला. मुलगा म्हणतो पाणी गार होतं. होऊ दे.

कारंजावाला
म्हणून म्हणतो, तांब्याचा बंब बरा होता. ना फेज ना न्यूट्रल.

थंडीकुडकुड
आणि धूर? माझी आजी फुंकून फुंकून रडायची.

कारंजावाला
पण त्या पाण्याला जो वास यायचा ना... पाटावरची नात, तुमच्याकडे आहे का हो अजून बंब?

पाटावरची नात
माळ्यावर आहे! वायरमननेच खाली काढून दिला, "मोडीत देऊ नका ताई" म्हणाला. चिंचेने अर्धा घासून झालाय, हात भरून आले. खालची जाळी सापडत नाहीये, तेवढी मिळाली की फोटो टाकते.