फुकुशिमा: घाबरलेले लोक अडाणी होते का?

मृगजळ
खडूफळा यांचा परवाचा लेख वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: २०११ च्या जपानमधल्या फुकुशिमा अणुअपघातात किरणोत्साराने आसपासचा एकही रहिवासी मेला नाही, जे मेले ते भीतीने. लोक अडाणी आणि अफवांवर विश्वास ठेवणारे, म्हणून तर चीनमध्ये मिठासाठी झुंबड उडाली. प्रतिसाद लिहायला बसलो आणि लांबला, म्हणून वेगळा धागा.

मिठाचं मान्य. आपल्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं. किरणोत्सारी आयोडीनला जागाच उरू नये म्हणून गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आधीच भरून टाकायला मोठ्या माणसाला एका वेळी १०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे साडेसहा किलो मीठ. पण त्या झुंबडीवरून फुकुशिमातल्या आईला अडाणी ठरवता येत नाही. ती कशाला घाबरली ते तारखांनुसार बघा.

११ मार्च २०११, दुपारी २:४६ ला भूकंप. पाऊण तासाने त्सुनामीच्या लाटा. रात्री ९:२३ ला हुकूम निघाला, अणुकेंद्रापासून ३ किलोमीटरच्या आतल्यांनी बाहेर पडा. पहाटे ५:४४ ला तो १० किलोमीटर झाला. दुपारी ३:३६ ला १ नंबरच्या भट्टीच्या इमारतीचा वरचा भाग उडाला आणि संध्याकाळी ६:२५ ला हद्द २० किलोमीटरवर गेली. एका दिवसात तीन हद्दी, आणि सोबत "आरोग्यावर लगेच परिणाम नाही" हे पालुपद. नामिए गावचे लोक आपल्याच गावाच्या डोंगराकडच्या त्सुशिमा भागात गेले. १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला, संध्याकाळी पाऊस आणि बर्फ पडलं, आणि नेमकं तिकडेच किरणोत्सारी सिझियम खाली बसलं. प्रसाराचा अंदाज देणारी स्पीडी ही संगणक यंत्रणा सरकारजवळ होती, पण तिचे नकाशे लोकांपुढे यायला २३ मार्च उजाडला. त्याच दिशेच्या इइताते गावाला हलवायचा निर्णय तर २२ एप्रिलचा.

आता तांदूळ. १२ ऑक्टोबर २०११ ला फुकुशिमाच्या गव्हर्नरांनी जिल्ह्याचा तांदूळ सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरात ओनामी भागातल्या एका शेतकऱ्याच्या तांदळात किलोमागे ६३० बेक्वेरेल (सेकंदाला एका अणूचं विघटन म्हणजे एक बेक्वेरेल) सिझियम सापडलं. तेव्हाची मर्यादा होती ५००. त्यानंतर ज्या बाईने फुकुशिमाचा तांदूळ घेतला नाही, तिने अनुभवावरून शहाणपणा केला. तिला अडाणी म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

खडूफळा
लेख माझा, तेव्हा उत्तर मलाच द्यायला हवं. तुमच्या सगळ्या तारखा बरोबर आहेत. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष तुम्ही टाळलात.

फुकुशिमा जिल्ह्यात भूकंप-त्सुनामीने थेट सुमारे १,६०० माणसं गेली. विस्थापन, निवाऱ्यांतले हाल, तुटलेले उपचार यांनी गेलेल्यांची सरकारी नोंद २,३०० च्या वर आहे. बहुतेक म्हातारी माणसं. ओकुमा गावातल्या एका रुग्णालयातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण बसमध्ये बसवून, सोबत डॉक्टर-नर्स नसताना, दहा-दहा तास फिरवले. शेवटी एका शाळेच्या व्यायामशाळेत उतरवले. त्या एका प्रकरणात चाळीसहून जास्त माणसं गेली. तेच रुग्ण बंद खिडक्यांच्या वॉर्डात, सलाइन आणि माणसं हाताशी ठेवून, चार दिवस थांबले असते तर त्यांना मिळाला असता तो किरणोत्साराचा डोस त्या प्रवासाच्या धोक्यापुढे काहीच नव्हता.

आणि मुलांचा थायरॉइड कॅन्सर. ३ लाखांवर मुलांची सोनोग्राफी झाली. इतक्या बारकाईने बघितलं की आयुष्यभर त्रास न देणाऱ्या गाठीही सापडतात. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सार समितीने हेच म्हटलं आहे. चेर्नोबिलमध्ये मुलं दूषित दूध आठवडेच्या आठवडे पीत राहिली. जपानमध्ये १७ मार्चलाच अन्नाच्या तात्पुरत्या मर्यादा लागू झाल्या आणि पुढच्या काही दिवसांत दूध अडवलं गेलं.

मृगजळ
रुग्णालयाचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. ते रुग्ण घाबरले होते का? त्यांना हलवायचा हुकूम सरकारचा, बस सरकारने पाठवलेल्या, सोबत डॉक्टर नव्हते ती चूक नियोजनाची. आणि तुम्ही शीर्षकात लिहिलंत "भीतीने मेले". मेलेल्यांवर ठपका ठेवणारं वाक्य आहे ते. मला राग आला तो याचा.

शिवाय त्या आठवड्यात ४ नंबरच्या वापरलेल्या इंधनाच्या तलावात पाणी आहे की नाही हे कुणालाच खात्रीने माहीत नव्हतं. इंधनकांड्यांच्या १,५३५ जुडग्या होत्या तिथे. अमेरिकेने १६ मार्चला आपल्या नागरिकांना ८० किलोमीटर दूर जायला सांगितलं. पाणी होतं हे नंतर कळलं. नंतर कळलेल्या गोष्टीवरून आधी घाबरलेल्यांना नावं ठेवू नका.

कातळ
भट्ट्यांमध्ये नेमकं काय बिघडलं ते दोघांनीही सोडलंय. लोकांची चिंता तिथून सुरू होते.

मूळ जागा समुद्रापासून ३५ मीटर उंच कड्यावर होती. बांधताना कडा कापून १ ते ४ नंबरसाठी जमीन १० मीटरवर आणली. हिशेबात धरलेली लाट ५.७ मीटर, आली ती १४-१५. भट्टी बंद झाली तरी इंधनाची उष्णता बंद होत नाही: थांबल्याक्षणी पूर्ण क्षमतेच्या ६-७ टक्के, दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पाणी फिरवत ठेवायला वीज लागते, आणि डिझेल जनरेटर बहुतेक टर्बाइन इमारतींच्या तळघरांत, ते बुडाले. लोक एवढंच सांगतात. पण २ आणि ४ नंबरसाठीचे हवेने थंड होणारे दोन जनरेटर वेगळ्या इमारतीत शाबूत होते! त्यांची वीज वाटणारे स्विचगिअर पाण्यात गेले, म्हणून ते निकामी. ६ नंबरचा असाच एक जनरेटर स्विचगिअरसकट वाचला आणि त्या एकाने ५ व ६ दोन्ही भट्ट्या सांभाळल्या. बाकीकडे अंधारात मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणल्या. मीटर वाचायला १२ व्होल्टच्या दोन, दाब सोडायचे व्हॉल्व्ह उघडायला दहा बॅटऱ्या एकामागे एक जोडून १२० व्होल्ट. हे अणुकेंद्र!

ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्राला याहून जवळ. तिथली लाट सुमारे १३ मीटर, जमीन १४.८. भूकंपाने ती मीटरभर खचली तरी केंद्र वाचलं आणि गावातल्या लोकांनी त्याच केंद्राच्या व्यायामशाळेत आसरा घेतला. म्हणजे कळत होतं. फुकुशिमाच्या कंपनीच्या स्वतःच्या २००८ च्या हिशेबात १५.७ मीटर आकडा आला होता. तो बाजूला ठेवला गेला.

म्हणून एप्रिल २०११ मध्ये जैतापूरला नियोजित अणुकेंद्राविरुद्ध लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांनाही "अडाणी" म्हटलं गेलं. गोळीबारात एक माणूस गेला. तारापूरच्या १९६९ च्या दोन भट्ट्या तर फुकुशिमासारख्याच, उकळत्या पाण्याच्या.

खडूफळा
जैतापूरची नियोजित जागा समुद्रसपाटीपासून २५ मीटरच्या आसपास उंच सड्यावर आहे, तिथे फुकुशिमाचा दाखला थेट लागत नाही. आणि २६ डिसेंबर २००४ ला कल्पाक्कम अणुकेंद्राच्या पंपघरात त्सुनामीचं पाणी शिरलं, तेव्हा चालू भट्टी सुरळीत बंद केली गेली. तारापूरबद्दलचा प्रश्न मात्र योग्य आहे. तो जरूर विचारावा. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथला विषय वाहून जाईल.

साधावाचक
मला एक कळत नाही. लोकांनी किरणोत्सार मोजणारे खिशातले गायगर मीटर घेतलेच होते ना? भाजीवर, तांदळावर धरायचा, आकडा वाढला तर फेकून द्यायचं. सरकारची वाट कशाला बघायची?

काटा_स्थिर
नाही, नाही, नाही. या एका समजुतीने त्या वर्षी जेवढा गोंधळ केला तेवढा अफवांनीही केला नसेल. नीट लिहितो.

एप्रिल २०१२ पासूनची मर्यादा: साधं अन्न किलोमागे १०० बेक्वेरेल सिझियम, दूध ५०, बाळांचं अन्न ५०, पिण्याचं पाणी १०. १०० बेक्वेरेल म्हणजे किलोभर तांदळात सेकंदाला शंभर अणूंचं विघटन. त्यातले बरेच किरण तांदळातच अडतात, उरलेले सगळ्या दिशांना जातात. बोटाएवढ्या नळीवर येणारे त्यातले अगदी मोजके, आणि त्यांतलेही बहुतेक गॅमा किरण ती नळी न मोजता सोडून देते. उलट भिंत, जमीन, आकाश यांचे ठोके ती सतत मोजत असते. तुमच्या शरीरातच पोटॅशियम-४० चे ४,००० च्या आसपास बेक्वेरेल आहेत. मर्यादेच्या दुप्पट सिझियम असलेला तांदूळही खिशातल्या मीटरला "साफ" दिसेल. म्हणजे खोटा धीर, आणि तो भीतीपेक्षा वाईट.

अन्न मोजायचं तर: बारीक चिरून एक लिटरच्या भांड्यात पोकळी न राहता दाबून भरायचं, वजन घ्यायचं, जाड शिशाच्या पेटीत सोडियम आयोडाइडचा स्फटिक किंवा जर्मेनियमचा डिटेक्टर ठेवून मोजायचं. आधी त्याच भांड्यात शुद्ध पाणी भरून पार्श्वभूमी मोजून ठेवायची. यंत्र किरणांच्या ऊर्जेचा आलेख काढतं: सिझियम-१३७ चा उंचवटा ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, १३४ चे ६०५ आणि ७९६ वर. सोडियम आयोडाइडला ६०५ आणि ६६२ नीट वेगळे दिसत नाहीत. त्यात हवेतल्या रेडॉन वायूपासून येणारं नैसर्गिक बिस्मथ ६०९ वर बसतं. खोली बंद असेल किंवा नमुन्यात माती राहिली असेल तर यंत्र सरळ "सिझियम-१३४ सापडलं" म्हणतं. म्हणून १३४ दिसलं आणि ७९६ ला काहीच नसलं तर आधी भाजी धुवा, खोलीत हवा खेळवा, पुन्हा मोजा.

शेतीमाती
तुमचं अन्नाबद्दलचं बरोबर. पण त्यावरून लोकांच्या हातातला मीटर निकामी ठरवू नका. सेफकास्ट या नागरिकांच्या गटाच्या स्वयंसेवकांनी गाडीला मीटर बांधून रस्तेच्या रस्ते मोजले. छपराच्या पन्हाळीखाली, गटाराच्या तोंडाशी, शेवाळावर, जिथे जिथे पाणी साचून चिकणमाती बसते, तिथली ठिकाणं लोकांनी शोधली. सरकारचा आकडा तालुक्याचा, आईला हवा असतो पाळण्याजवळचा.

काटा_स्थिर
तिथेही पद्धत असते! पन्हाळीखाली मीटर जमिनीला टेकवून फोटो टाकणाऱ्यांनी शेजारच्या गल्ल्या रिकाम्या केल्या. जमिनीला टेकवलं की बीटा किरणही नळीत जातात आणि मायक्रोसिव्हर्टचा, म्हणजे शरीराला बसणाऱ्या डोसाचा, आकडा फुगतो. जमिनीपासून १ मीटरवर, लहान मुलांच्या शाळेत ५० सेंटिमीटरवर, मीटर पातळ पिशवीत गुंडाळून, काटा स्थिर होईपर्यंत थांबून पाच वेळा वाचायचं आणि सरासरी घ्यायची. जमिनीलगतचं वाचन जागा शोधायला, मीटरभर उंचीचं डोस काढायला. एवढं समजत नसेल तर उपकरण हातात घेऊ नये.

शेतीमाती
"हातात घेऊ नये" हे तुम्ही कोण सांगणार? सरकारने मीटर दिला नाही, नकाशा दिला नाही, आणि बाईने स्वतःच्या पैशाने घेतला तर तुम्ही पद्धतीचे दाखले देता. उंटावरून शेळ्या हाकणं झालं हे. पद्धत शिकवा की! तिथे लोकांनी तीही शिकून घेतली.

काटा_स्थिर
"घेऊ नये" हे मागे घेतो. शिकून घ्यावा. पण टेकवून काढलेले फोटो पसरवणं चूक होतं, यावर मी ठाम आहे.

मृगजळ
आकडा कसा वाचायचा हे लोकांना वेळेवर न सांगितल्याचा कळस म्हणजे शाळांचा ३.८. एप्रिल २०११ मध्ये शिक्षण मंत्रालयाने मैदानासाठी ताशी ३.८ मायक्रोसिव्हर्टची मर्यादा ठरवली. हिशेब असा: ८ तास बाहेर, १६ तास लाकडी घरात, आत ०.४ पट. ३.८ × (८ + ६.४) × ३६५, म्हणजे वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. मुलांना! पंतप्रधानांचे सल्लागार प्राध्यापक तोशिसो कोसाको यांनी याच मुद्द्यावर डोळ्यांत पाणी आणून राजीनामा दिला. किरणोत्सार सुरक्षेतला तज्ज्ञ माणूस तो. तोही अडाणी? आई-बाप मंत्रालयावर धडकले तेव्हा मे अखेरीस १ मिलिसिव्हर्टचं उद्दिष्ट जाहीर झालं आणि मैदानांवरची माती काढण्याला पैसे मिळाले. ही कामं भीतीने करून घेतली.

खडूफळा
२० हा आकडा आंतरराष्ट्रीय शिफारशींच्या कक्षेतलाच होता, आणि त्याने मुलांना इजा झाली असती असं दाखवता येत नाही. पण तो मुलांच्या मैदानाला, पालकांशी न बोलता लावायला नको होता. एवढं मानतो.

शेतीमाती
मग तांदळाचा शेवटही ऐका, कारण मृगजळ यांनी तो अर्धवट सोडला. ओनामीनंतर २०१२ ते २०१९ जिल्ह्यातलं प्रत्येक पोतं मोजलं. ३० किलोचं पोतं पट्ट्यावरून डिटेक्टरखाली जायचं, काही सेकंदांत निकाल, पास झालं की क्रमांकाचं लेबल. वर्षाला १ कोटीच्या वर पोती. १०० च्या वर निघाली ती २०१२ मध्ये ७१, २०१३ मध्ये २८, २०१४ मध्ये २, पुढे शून्य.

शून्य आपोआप आलं नाही. सिझियम आणि पोटॅशियम एकाच कुळातले. जमिनीत पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी असला की भाताचं मूळ सिझियम उचलतं. म्हणून १०० ग्रॅम मातीत किमान २५ मिलिग्रॅम पालाश राहील एवढं खत लावणीआधीच द्यायचं, कारण मूळ उचल करतं तेव्हा ते मातीत असायला हवं. रेताड, पालाश धुऊन जाणाऱ्या खाचरांत आकडे वर राहिले. डोंगराचं पाणी थेट घेणाऱ्या खाचरांवर वेगळं लक्ष ठेवावं लागलं. चिकणमाती सिझियम घट्ट धरते, म्हणून ते वरच्या ५ सेंटिमीटरमध्येच बसलं होतं. तेवढा थर खरवडला की बराच भार गेला. गुरांच्या वैरणीत मात्र चूक झाली. मार्चमध्ये उघड्यावर पडलेला पेंढा कुणी मोजला नाही, आणि जुलैत तो खाल्लेल्या जनावरांचं मांस बाजारात पोचल्यावर कळलं.

खडूफळा
पोत्यांचे आकडे मलाही पटतात. शास्त्र लोकांना समजावलं की भीती जाते, हेच तर मी म्हणत होतो.

मृगजळ
समजावलं म्हणून गेली नाही. समजावणं ऑक्टोबर २०११ पर्यंत चालूच होतं. भीती कमी झाली ती प्रत्येक पोतं मोजलं, फसलेली ७१ पोतीही जाहीर केली तेव्हा. लेखातलं "भीतीने मेले" काढून "विस्थापनाच्या ढिसाळपणाने मेले" लिहा, मी धागा इथेच थांबवतो.

खडूफळा
ते वाक्य बदलतो. "अडाणी" हा शब्दही काढतो. मिठाचा परिच्छेद ठेवतोय.

साधावाचक
ठेवा. काटा_स्थिर, शेवटचं एक. सुकवलेल्या शिताके मशरूमचा आकडा ताज्याच्या कितीतरी पट दिसतो, तो कसा धरायचा?

काटा_स्थिर
सुकवल्यावर पाणी जातं, सिझियम राहतं, म्हणून किलोमागचा आकडा चढतो. मर्यादा पाण्यात भिजवून फुगवलेल्या, म्हणजे खाण्याच्या स्थितीतल्या मशरूमला लागते. चहाचंही तसंच, पानाला नाही, उतरवलेल्या चहाला १०. जंगली मशरूम, रानभाज्या आणि रानडुकराचं मांस मात्र मोजल्याशिवाय घेऊ नका. शेताला पालाश देता येतो, जंगलाला देत नाहीत.