अनुभव धागा: पडद्यावरची वयस्क बाई

पडद्यावरची आई पूर्वी मुलाच्याच वयाची असायची. 'मदर इंडिया'त (१९५७) आई झालेल्या नर्गिस आणि मुलगा झालेले सुनील दत्त, दोघांचा जन्म १९२९चा. आता साठीच्या अभिनेत्री साठीच्याच भूमिकेत, तेही मध्यवर्ती, दिसू लागल्यात. त्यामुळे कामात काय बदललं? आपापल्या खात्यातलं लिहा, हातचं राखू नका.

रंगभूषा
तरुण चेहरा म्हातारा करायची जुनी रीत लेटेक्सची, म्हणजे द्रवरूप रबराची. कातडी बोटांनी ताणून धरायची, स्पंजने पातळ थर टिपायचा, ड्रायरच्या गार हवेने वाळवायचा, ताण न सोडता पावडर मारायची आणि मग सोडायची. सुरकुत्या आपसूक पडतात. तीन-चार थर पुरे. पावडर मारायची राहिली तर लेटेक्स स्वतःलाच चिकटतं आणि सुरकुतीऐवजी गोळा होतो. भुवयांना आधी व्हॅसलीन चोपडलं नाही तर काढताना केस उपटून येतात. काहींना लेटेक्स सोसत नाही, म्हणून आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचंच.
केसांना नुसता पांढरा फासला की कॅमेऱ्यात खडू दिसतो. त्यात किंचित पिवळट मिसळा आणि कानशिलांपासून सुरुवात करा.

छायाचित्रण
चेहरा खरोखरच साठीचा असेल तर सवय नेमकी उलटी: सुरकुत्या पुसायच्या. लेन्सच्या जरा वर मोठा मऊ दिवा, हनुवटीखाली पांढरा बोर्ड, लेन्सवर डिफ्यूजन फिल्टर, म्हणजे चित्र जरा मऊ करणारी काच. गडबड होते ती फिल्टर फक्त तिच्या क्लोजअपला लावल्यावर. तिच्या शॉटमध्ये मागच्या दिव्याभोवती धुकट वलय, समोरच्या पुरुषाच्या शॉटमध्ये तोच दिवा लख्ख. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खटकतं. फिल्टर दोघांना लावा, नाहीतर कुणालाच नको. त्वचा जशी आहे तशी दाखवायची असेल तर दिवा थोडा बाजूला सरकवा. मात्र हे दिग्दर्शक आणि अभिनेत्री दोघांशी आधी बोलून, ऐन शॉटला नाही.

डीआय (शूटिंगनंतर संगणकावर होणारं चित्राचं रंगकाम)
त्वचा नंतर गुळगुळीत करायची तर मास्क, म्हणजे चेहऱ्याचा तेवढाच भाग निवडणारी आखणी, हालचालीबरोबर सरकवत न्यावा लागतो. बाईंनी मान वळवली की तो कानाकडे घसरतो. शिवाय गुळगुळीत भागावर ग्रेन (चित्रातले बारीक कण) परत टाकला नाही तर गाल मेणाचा दिसतो.

पटकथा
दिवा-फिल्टर नंतर. कागदावर तिला नाव आहे का, की नुसतंच 'आजी'? प्रत्येक प्रवेशासमोर लिहा: ती इथे काय ठरवते? ट्रे घेऊन आली, ट्रे ठेवला, गेली – हा प्रवेश काढला तरी कुणाचं काही अडत नाही. 'बधाई हो'त (२०१८) लग्नाच्या वयाचा मुलगा असलेल्या बाईला दिवस जातात आणि मूल ठेवायचं ती ठरवते. पुढची सगळी गोष्ट त्या निर्णयावर चालते. नीना गुप्तांची ती भूमिका. तिच्या सासूच्या भूमिकेसाठी सुरेखा सिक्रींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.
पण नवा साचाही तयार झालाय: शिव्या घालणारी, बाटली उघडणारी बिनधास्त आजी. तीही काही ठरवत नसते, फक्त हशा मिळवून देते. सोशिक माऊली गेली आणि ही आली, एवढाच काय तो फरक.

अभिनय तालीम
तरुण नट म्हातारी करताना कंबरेत वाकतात आणि आवाज थरथरवतात. दोन्ही नको. खुर्चीतून उठणं बसवा: पावलं मागे घ्यायची, धड पुढे झुकवायचं, हात मांडीवर रेटायचा, मग उठायचं. उठल्यावर लगेच चालायचं नाही, क्षणभर तोल सावरायचा.

संकलन
लांबी कमी करताना सगळ्यात आधी या वयस्क बाईच्या प्रतिक्रियांचे शॉट उडतात. संवाद कमी असलेलं पात्र तेवढ्यावरच जगत असतं. आणखी एक, रंगभूषावाल्यांना: चेहरा सत्तरीचा आणि कप उचलणारा हात पंचविशीचा, असे शॉट अजून येतात. ते कापून कापून किती कापणार?

रंगभूषा (वरच्याला)
मान्य. हाताला मूठ घट्ट आवळून लेटेक्स लावायचं, वाळलं की पावडर, मग मूठ उघडायची. आणि नखांचं पॉलिश आधी काढायचं!